शाळा सुटल्यावरचा कलावर्ग दिवाळीनंतर का ओस पडतो? या चुका टाळा

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणी भागात दरवर्षी कुठे ना कुठे नवा वर्ग निघतो, कुठे नाटकाचा, कुठे लेझीमचा, कुठे चित्रकलेचा, देवळाच्या सभामंडपात नाहीतर शाळेच्या एखाद्या रिकाम्या खोलीत. पहिल्या आठवड्यात पोरं मावत नाहीत आणि दिवाळी झाली की चार-पाच टाळकी उरतात. मग मोठी माणसं म्हणतात आजकालच्या पोरांना मोबाईलशिवाय काही सुचत नाही. मला हे अजिबात पटत नाही. मोबाईल तर जूनमध्येपण होता की. पोरं गळतात कारण वर्गातलं सगळं मोठ्यांनी ठरवलेलं असतं, पोरांच्या हातात काहीच नसतं.

सगळ्यात मोठी चूक: सगळं गॅदरिंगसाठीच

तीन-तीन महिने एकाच दहा मिनिटांच्या आयटमची प्रॅक्टिस, ती पण कुठल्यातरी पाहुण्यासमोर दाखवायची म्हणून. आवाज चांगला असलेली एक मुलगी जिजाऊ होते, धीट पोरगा शिवाजी महाराज होतो आणि उरलेले वीस जण हातात भाला घेऊन मागे उभे. त्या वीस जणांनी तीन महिन्यांत काय शिकलं सांगा बघू? आपल्याकडे शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक रात्रभर चालते, सगळं शहर रस्त्यावर येतं, एवढी मोठी संधी दुसरीकडे कुठं मिळणार, पण तिथेपण देखावा मंडळातली मोठी माणसं ठरवतात आणि पोरांना तयार ड्रेस घालून ट्रॉलीवर उभं करतात.

त्यापेक्षा महिन्याला एक छोटं सादरीकरण ठेवा. स्टेज नको, माईक नको, पाहुणा तर नकोच. कुणाच्यातरी अंगणात सतरंजी टाका, आई-आजी बसतील तेवढ्या बसतील. विषय पोरांनी निवडायचा आणि रोल दर वेळी बदलायचे. एका गावात पोरांनी स्टॉपवर न थांबणाऱ्या बसवर नाटुकलं केलं होतं, बस भरली की ड्रायव्हर पुढं नेऊन थांबवतो आणि सगळी दप्तरं सांभाळत पळत सुटतात, तेवढंच. एरवी वर्गात तोंड न उघडणारा सहावीतला पोरगा कंडक्टर झाला आणि "आत सरका ओ, आत सरका" म्हणत त्याने अख्खं अंगण हलवलं. तो डायलॉग त्याला कुणी लिहून दिला नव्हता.

वेळ न बघता वर्ग लावणं

साडेचारला शाळा सुटते, पोरं घरी जाऊन काहीतरी खाऊन येईपर्यंत साडेपाच, आणि डिसेंबरात सहाच्या सुमाराला अंधार पडतो. सहाचा वर्ग लावलात तर मुली येणारच नाहीत, आणि मग "मुलींना आवड नाही" म्हणायचं हे फार चुकीचं आहे. शक्य असेल तर शाळा सुटल्या सुटल्या तिथंच वर्ग घ्या, मूठभर चुरमुरे-शेंगदाणे द्या आणि शेवटच्या बसची वेळ बघून सोडा. 11 जून 2023 पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत मुली-बायकांना सरकारी बस फुकट आहे, त्यामुळे शेजारच्या गावातली मुलगीपण येऊ शकते, पण परतीची बस असेल तरच ना.

जांबोटी-कणकुंबीकडे जुलैचा पाऊस म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको, त्यात रोप लावणी. पुढे सुगी, मग गावची जत्रा, मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा. हे सगळं आधीच कॅलेंडरवर मांडा आणि त्या दिवसांत वर्ग सरळ बंद ठेवा. नियम म्हणून दिलेली सुट्टी चालते, हजेरी नाही म्हणून बंद पडलेला वर्ग परत उभा राहत नाही.

गावातल्या कलाकाराला सोडून बाहेरचा ट्रेनर

पुण्या-मुंबईहून कुणीतरी दोन दिवसांचं शिबिर घेतं, फोटो निघतात आणि सोमवारी परत शून्य. बाहेरच्यांना बोलवू नका असं माझं म्हणणं नाही, पण वर्षभर शिकवणारं माणूस गावातच असतं, भजनी मंडळातले पेटीवाले काका, जुने लेझीमवाले, हलगी वाजवणारे मामा. हलगी तर पोरांनी हातात घेतलीच पाहिजे. वाजवायच्या आधी कागद-काटक्या पेटवून ती शेकायची, कातडं ताणलं गेलं की बोटाने टिचकी मारून बघायची, पावसाळी हवेत दहा मिनिटांत परत सैल पडते की परत शेकायची. हे व्हिडिओ बघून येत नाही.

आणि इथे एक स्पष्ट बोलायला पाहिजे. हलगी वाजवणाऱ्या घराकडे गावाने कायम खालच्या नजरेने बघितलं, लग्नाला-जत्रेला वाजवायला बोलवायचं आणि जेवायला बाजूला बसवायचं. त्याच मामांना वर्गात खुर्ची द्या, पोरांना त्यांना सर म्हणायला लावा आणि महिन्याचं मानधन ठरवून वेळेवर द्या, शाल-श्रीफळावर भागवू नका. त्यांच्या घरातली पोरं वर्गात कुठं बसतात, किती बोलतात यावरून तुमचा वर्ग कसा चाललाय ते कळतं.

भाषेवरून अडवणं

आपल्या गल्लीत मराठी, कन्नड, उर्दू, इंग्लिश मीडियम सगळीच पोरं असतात आणि खेळताना ती भाषा बदलत बदलतच बोलतात. मराठी टिकावी ही तळमळ माझीपण आहे, पण कन्नड शाळेतल्या पोराला दारातूनच परत पाठवून ती टिकत नाही. मराठी संगीत रंगभूमी उभी करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर 1843 साली आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मले, कुमार गंधर्व 1924 साली सुळेभावीला, दोन्ही गावं कन्नड मुलखातली. पोरांना दोन्ही भाषेत नाटक करू दे. आणि घरी मराठी बोलून शाळेत दुसऱ्या मीडियमला जाणाऱ्या पोरांना मराठी वाचायची सवय नसते, त्यांना स्क्रिप्ट हातात देऊ नका, तोंडी बसवून घ्या.

आठवी-नववीची पोरं यायची बंद झाली तर

या वयात घरचे म्हणतात एसएसएलसी (दहावीची बोर्ड परीक्षा) आली, नाटकं बंद कर. काही पोरं लगेच उद्यमबागला, बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, कामाला लागतात. त्यांना लहानांबरोबर रांगेत बसवलं तर ती लाजेनेच येत नाहीत. त्यांना कारभार द्या. खोलीची किल्ली, हजेरीचं रजिस्टर, रंग-कागद आणायचे पैसे आणि त्याचा हिशोब, सगळं. दोनशे रुपयांचा हिशोब पंधरा जणांसमोर वाचून दाखवणाऱ्या मुलीला पुढे ग्रामसभेत बोलायची भीती वाटत नाही. हिशोब चुकला तर ओरडू नका, बसून परत बेरीज करा. कामावर जाणाऱ्यांसाठी रविवारी सकाळी एक तास वेगळा ठेवा.

सुरक्षिततेचं कुणी बोलतच नाही

गावातलंच माणूस आहे म्हणून सोडून देऊ नका. एकट्या मोठ्या माणसाबरोबर मूल बंद खोलीत नको, कायम दोन मोठे हवेत, त्यात एक बाई असावी, दार उघडं ठेवायचं. 2012 चा पॉक्सो कायदा 18 वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला लागू आहे आणि माहीत असून तक्रार न करणं हापण गुन्हा आहे. 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. पोरांचे फोटो ग्रुपवर टाकायच्या आधी त्यांना आणि घरच्यांना विचारा.

पैशाचं काय?

पहिले पैसे बॅनरवर घालू नका. मानधन, खाऊ आणि सामान, याच क्रमाने. जागेसाठी शाळेच्या एसडीएमसीला (शाळेचा कारभार बघणाऱ्या पालकांच्या समितीला) लेखी अर्ज द्या, तोंडी परवानगी हेडमास्तर बदलले की संपते. ग्रामपंचायतीची लायब्ररी संध्याकाळी रिकामी असेल तर तिथंपण विचारा, आणि तो अर्ज नववीच्या पोरांकडूनच लिहून घ्या, सह्या त्यांच्या, पंचायतीत द्यायलापण त्यांनीच जायचं.