कोशर पाळून परदेशी हनिमून: पुण्याहून निघताना

कोशर म्हणजे ज्यू धर्माचे खाण्यापिण्याचे आणि भांड्यांचे नियम. लग्नानंतरचे सात दिवस शेवा ब्राखोतचे, म्हणजे सात आशीर्वादांच्या जेवणांचे. ते रास्ता पेठेत, नातलगांतच होऊ द्या आणि पुढच्या रविवारी निघा. शुक्रवारचं विमान नकोच. उशीर झाला की शब्बाथ (शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवार रात्रीपर्यंतचा विश्रांतीचा दिवस) विमानतळावर.

ठिकाण ठरवताना समुद्रकिनाऱ्याआधी सिनेगॉग, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळ शोधा. सिंगापूर सोपं: वॉटर्लू स्ट्रीटवर १८७८चं मघेन अबोथ सिनेगॉग आहे.

विमानातलं कोशर जेवण (कोड 'केएसएमएल') किमान ४८ तास आधी नोंदवा, जाताना-येतानाचं वेगवेगळं. मुंबईत कंपनी बदलत असेल तर दोघींकडे फोन करा, नोंद इथेच हरवते. डबा सीलबंदच गरम व्हायला हवा. सील फुटलेलं असेल तर परत करा.

हॉटेलच्या ओव्हनमध्ये आपलं कोशर जेवण गरम करायला फॉइलचे दोन घट्ट थर लागतात. मायक्रोवेव्हमध्ये मात्र फॉइल चालत नाही. त्यापेक्षा छोटा, कोरा राइस कुकर न्या: मुगाची खिचडी अर्ध्या तासात होते, सोबत नारळाच्या दुधाची आमटी! सिंगापूरच्या तीन चौकोनी पिनांसाठी अ‍ॅडॉप्टर घ्या. खवले-परांची मासळी कोशर खरी, पण हॉटेलच्या तव्यावरची नव्हे.

शब्बाथला विजेची उपकरणं, लिफ्टही, वापरायची नसतात, म्हणून कार्डाने उघडणारी खोली अडवते. बुकिंगआधीच साधी किल्ली आणि खालचा मजला मागा. शब्बाथचे दिवे शुक्रवारी तिथल्या सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधी लावा. सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असतं.