मराठवाड्यात प्रवाळ वाढवताना आणि त्यांचं प्रजनन करताना या चुका टाळा

प्रवाळांच्या प्रजननाला समुद्रकिनारा लागतोच असं नाही. लंडनमधल्या हॉर्निमन संग्रहालयाच्या पथकाने बंद खोलीतल्या टाक्यांमध्ये अक्रोपोरा या फांद्यांच्या प्रवाळांना अंडी सोडायला लावली. त्यांच्याच मदतीने २०१९ मध्ये फ्लोरिडा अ‍ॅक्वेरियममध्ये पिलर कोरलने (खांबासारखं उभं वाढणारं प्रवाळ) प्रयोगशाळेत अंडी-शुक्राणू सोडले. अटलांटिकमधल्या प्रवाळाच्या बाबतीत हे तोवर कुठेच जमलं नव्हतं. तेव्हा लातूर, परभणी किंवा छत्रपती संभाजीनगरच्या प्राणिशास्त्र विभागात प्रवाळांची टाकी उभी राहू शकते. पण आपल्याकडे ती बुडते ती बहुतेक वेळा प्रजननाच्या टप्प्यापर्यंत पोचण्याआधीच. कारणं असतात पाणी, ऊन आणि गेलेली लाईट.

आधी कायद्याचं. भारतात सगळ्या दगडी (कडक सांगाडा बनवणाऱ्या) प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कडक संरक्षण आहे. दुकानदार 'चालतं सर' म्हणाला म्हणून दगडी प्रवाळ विकत आणू नका. संस्थेमार्फत वन विभागाची लेखी परवानगी मिळेपर्यंत रिकामी टाकी चालवा आणि पाण्यावर हात बसवा. सहा महिने पाणी सांभाळता आलं की पुढची अर्धी लढाई तिथेच जिंकलेली असते.

पाणी: घरचा आरओ इथे चालत नाही

आपलं बोअरचं पाणी बेसॉल्टच्या खडकातून येतं, जड असतं. टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप, हजाराच्या वर निघणं नवलाचं नाही. म्हणून घरचा पिण्याचा आरओ टाकीला जोडला जातो, आणि पहिली चूक इथेच होते. पिण्याच्या आरओमध्ये टीडीएस कंट्रोलर असतो. तो चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. त्यापुढे मिनरल कार्ट्रिज, आणि हल्ली बऱ्याच मशीनमध्ये तांब्याचं कार्ट्रिज. माणसाला गुणकारी म्हणून विकलं जाणारं हेच तांबं प्रवाळाला विष आहे. लिटरमागे २० मायक्रोग्रॅमच्या आसपास तांबं असलं तरी अंड्यांचं फलन निम्म्यावर येऊ शकतं. टाकी वरून ठणठणीत दिसते आणि अंडी मात्र फलित होत नाहीत. पितळी तोट्या, तांब्याची भांडी आणि माशांवरची तांबंयुक्त औषधं याच कारणाने टाकीपासून लांब ठेवा. जारचं पाणीही नको. त्या प्लांटमध्येही मिसळण असते.

सेडिमेंट फिल्टर, कार्बन ब्लॉक, मेम्ब्रेन आणि शेवटी डीआय रेझिन (उरलेसुरले क्षार काढणारे दाणे), एवढंच लागतं. रेझिननंतर टीडीएस ० यायला हवा. १ दिसू लागला की रेझिन बदला. टँकरच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर सढळ हाताने टाकलेली असते, त्यामुळे कार्बन ब्लॉक वेळेवर बदलला नाही तर क्लोरीन मेम्ब्रेनच खाऊन टाकतं. टीडीएस १२०० च्या पाण्यावर चांगला मेम्ब्रेनसुद्धा २५ ते ६० सोडतो, आणि रेझिन पटापट संपतं. त्यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे पावसाळ्यात गच्चीवरचं पाणी साठवा (पहिले दोन पाऊस सोडून) आणि तेच आरओला द्या. रेझिन कितीतरी पट टिकतं. आरओचं वाया जाणारं पाणी मोरीत सोडू नका, फरशीला वापरा. आपल्या भागात एवढं भान हवंच.

मीठ स्वयंपाकाचं नाही, रीफ टाकीचं, म्हणजे प्रवाळांच्या टाकीसाठी मिळणारं. ३०० लिटरला साधारण ११ किलो. पाणी आधी, मीठ नंतर. उलट केलं तर कॅल्शियम साका बनून तळाशी बसतं. पंप लावून २४ तास फिरू द्या.

क्षारता ३५ पीपीटी (हजारी ३५ भाग) हवी, पण ती मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर शून्य करून भागत नाही. शून्यावर बरोबर दाखवणारं यंत्र ३५ वर चुकू शकतं. प्रयोगशाळेत तराजू आहेच. ३६.५ ग्रॅम शुद्ध सोडियम क्लोराईड ९६३.५ ग्रॅम डीआय पाण्यात विरघळवा. या द्रावणाचा अपवर्तनांक ३५ पीपीटी समुद्राच्या पाण्याइतकाच असतो. त्यावर यंत्र ३५ ला लावा.

ऊन आणि कूलर

एप्रिल-मे मध्ये पारा ४२ च्या पुढे जातो आणि टाकी २५ ते २७ अंशांवर ठेवायची असते. कोरड्या हवेत पाण्यावर पंखा मारला तर बाष्पीभवनाने २ ते ४ अंश उतरतात. हे आपल्याकडे उत्तम चालतं, पण त्याच खोलीत कूलर लावला की बिघडतं. कूलर हवा दमट करतो, पंख्याचा परिणाम मरतो. जुलैमध्येही हेच होतं. चिलर घेतला असेल तर तो कपाटात कोंबू नका. तो टाकीतली उष्णता काढून बाहेर फेकतो. बाहेर म्हणजे त्याच बंद खोलीत असेल तर तो रात्रंदिवस स्वतःशीच भांडत बसतो.

पंख्याची किंमत बाष्पीभवनात मोजावी लागते. ३०० लिटरच्या टाकीतून १५ लिटर उडालं की क्षारता ३५ वरून जवळजवळ ३७ वर जाते. उडतं ते फक्त पाणी, मीठ मागे राहतं. म्हणून भर घालायची ती डीआय पाण्याची, खाऱ्या पाण्याची नव्हे. तीही दिवसातून एकदा बादलीने ओतून नाही, तर फ्लोट व्हॉल्व्ह किंवा ऑटो टॉप-अपने थेंबाथेंबाने.

लाईट गेल्यावर इन्व्हर्टरला काय जोडलंय हे ठरवून ठेवा. १२ व्होल्ट, १५० एएच बॅटरीतून अर्धीच ऊर्जा काढावी. तोटा धरून साधारण ७०० वॅट-तास हाती येतात. पाणी हलतं ठेवणारा ३० वॅटचा वेव्ह पंप त्यावर २० तासांहून जास्त चालतो. ३५० वॅटचा चिलर दोन तासांत बॅटरी झोपवतो आणि मग पंपही बंद. प्रवाळ अर्धा दिवस थोडं गरम पाणी सोसतात, साचलेलं, प्राणवायू संपलेलं पाणी नाही. इन्व्हर्टरवर फक्त पंप.

डोसिंगमधली घाई

अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं माप) ७ ते ९ डीकेएच या एककात, कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम, मॅग्नेशियम १२८० ते १३५० पीपीएम. अल्कलिनिटीचा आकडा ८ असो की ८.५, एकाच जागी राहिला पाहिजे. १०० लिटरला १ डीकेएच वाढवायला ३ ग्रॅम खाण्याचा सोडा पुरतो; दिवसात यापेक्षा जास्त चढवू नका. कॅल्शियम २० ने वाढवायला १०० लिटरला ७.३ ग्रॅम कॅल्शियम क्लोराईड डायहायड्रेट. कॉलेजच्या कपाटात बहुधा डेसिकेटरसाठीचं निर्जल कॅल्शियम क्लोराईड असतं. त्याच मापाने ते टाकलं तर कॅल्शियम एक तृतीयांश जास्त पडतं. त्याचं माप ५.५ ग्रॅम. सोडा आणि कॅल्शियम कधीही एकत्र ओतू नका, दुधाळ साका होईल.

प्रवाळ पांढरं दिसलं की घाबरून डोस वाढवला जातो. आधी भिंग घ्या. पारदर्शक मांस शिल्लक असून पॉलिप (प्रवाळाचे इवलेसे जीव) बाहेर येत असतील तर ते ब्लीचिंग आहे: आतली झूझॅन्थेली शेवाळं गेली, प्राणी जिवंत आहे. प्रकाश कमी करा, तापमान उतरवा, आर्टेमियाची (बारीक कोळंबीसारखा जीव) पिल्लं खाऊ घाला. बुडापासून मांस सुटून नुसता सांगाडा उघडा पडत असेल तर अल्कलिनिटीचा झोका बघा आणि निरोगी टोक कापून वेगळं करा. फक्त टोकं जळल्यासारखी दिसली तर बहुधा अल्कलिनिटी जास्त आणि नायट्रेट-फॉस्फेट शून्य, अशी जोडी सापडते.

प्रजनन: वर्षभर २६ अंश ठेवण्याची चूक

इथवर सगळं स्थिर ठेवायला सांगितलं. आता नेमकं उलट. प्रवाळाच्या पोटात अंडी तयार व्हायला अनेक महिने लागतात, आणि त्यासाठी पाणी ऋतूप्रमाणे थंड-गरम व्हावं लागतं, दिवस लहान-मोठा व्हावा लागतो. वर्षभर सपाट २६ अंशांवर ठेवलेलं प्रवाळ छान वाढतं, पण त्याचं प्रजनन होईल हा भरवसा धरू नका. तापमान, सूर्योदय, सूर्यास्त आणि चंद्रोदय हे चारही मूळ समुद्राचे घ्या, लातूरचे नाही. तापमान आणि दिवसाच्या लांबीतला बदल आठवड्याला थोडाथोडा.

चंद्राच्या बाबतीत तर बहुतेक टाक्या फसतात. निळा दिवा रात्रभर मंद लावून ठेवला म्हणजे चांदणं झालं, असं नाही. पौर्णिमेनंतर चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा उगवतो. संकष्टीला उपास सोडायला रात्री नऊपर्यंत थांबावं लागतं ते यामुळेच. सूर्यास्त आणि चंद्रोदय यांच्यातला हा दाट अंधार अनेक प्रवाळांना अंडी सोडण्याची खूण असतो. दिव्याचा टायमर या उशिराप्रमाणे रोज सरकला पाहिजे. इन्व्हर्टरचा हिरवा ठिपका, दाराच्या फटीतून येणारी व्हरांड्याची ट्यूब, मोबाईलचा टॉर्च, यातलं काहीही हा अंधार मोडतं. फटी काळ्या कापडाने बुजवा, बघायचंच असेल तर मंद लाल टॉर्च.

अंडी तयार आहेत का हे टोकाच्या खाली ३ ते ५ सेंटिमीटरवर फांदी मोडून दिसतं. गुलाबी-लाल असतील तर येत्या पौर्णिमेनंतर तयारी ठेवा. पांढरी असतील तर निदान एक महिना आहे.

अंडी सोडण्याच्या रात्री पंप, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), फिल्टर बंद. अंडी-शुक्राणूंचे गोळे वर तरंगतात, ते पिपेटने उचला. निदान दोन वेगवेगळ्या वसाहतींचे गोळे हवेत. एकाच वसाहतीच्या तुकड्यांपासून वाढवलेली दहा प्रवाळं असली तरी ती जनुकांनी एकच, आणि अक्रोपोरात स्वतःशीच फलन फारसं होत नाही. अर्ध्या तासात गोळे फुटतात. तास-दोन तासांनी अंडी गाळलेल्या खाऱ्या पाण्याने तीन-चारदा धुवा. इथला आळस सगळ्यात महाग पडतो: उरलेले शुक्राणू सडतात आणि सकाळी पूर्ण भांडं दुधाळ होऊन वास मारतं. अंडी पृष्ठभागावर एका थरापेक्षा जास्त नकोत.

दोन दिवसांत प्लॅन्युला, म्हणजे प्रवाळाच्या अळ्या, पोहू लागतात. त्यांना कोऱ्या टाईलवर बसायला आवडत नाही. टाईल निदान महिनाभर आधी जुन्या टाकीत ठेवून त्यावर गुलाबी कोरलाईन शेवाळ चढवा. बसल्यावर पालक वसाहतीचा तुकडा जवळ ठेवा. अक्रोपोराच्या अंड्यात झूझॅन्थेली नसतात, त्या बाहेरून मिळाव्या लागतात. यानंतर पिल्लं मरतात ती केसाळ शेवाळाखाली दबून. छोटे सी-अर्चिन (शेवाळ खाणारे काटेरी गोल जीव) सोबत वाढवणं हा हॉर्निमनच्या पथकाने वापरलेला उपाय इथे सर्वांत उपयोगी आहे. मोठे अर्चिन नकोत, ते शेवाळाबरोबर पिल्लंही खरवडतात.

वाढलेली प्रवाळं मालवणला नेऊन सोडावीत असं कुणाच्या मनात येतं. ते करू नका. मिश्र टाकीतला आजार आणि परका जीव दोन्ही समुद्रात जातात. पुनर्स्थापनेसाठीची पिल्लं पहिल्या दिवसापासून वेगळ्या यंत्रणेत, इतर कुठल्याही समुद्राच्या प्राण्याशी पाणी न मिसळता वाढवावी लागतात, आणि मूळ वसाहत जिथली, तिथेच वन विभागाच्या परवानगीने परत जातात. त्यासाठी प्रत्येक टाईलवर पालक वसाहतींचे क्रमांक पहिल्याच रात्री कोरून ठेवा. मार्करची शाई खाऱ्या पाण्यात टिकत नाही.