बँड गावातला, मग गाणं उसनं काहून? या चुका टाळा

आमच्याकडं विदर्भात आता गावोगावी पोट्टे स्वतःची गाणी करून रायले. कुठं भजनी मंडळातून उठलेला पेटीवाला आणि त्याचा रॅप करणारा चुलतभाऊ, कुठं डफडं, ऑक्टोपॅड आणि एक सेकंडहँड गिटार, सगळं समाजमंदिरात बसून चालू. लय भारी वाटते बघून. पण यातले कितीतरी बँड पहिल्या दोन-चार गाण्यांनंतर गपगार होतात, आणि जवळ जाऊन पाहिलं तर टॅलेंट कमी होतं असं काही निघत नाही, कुठंतरी ते स्वतःलाच फसवत बसलेले असतात, भाषेत, आकड्यांत, पैशाच्या हिशोबात, आणि एक दिवस ते सगळं अंगावर आलं की उमेदच जाते. म्हणून ज्या चुका सारख्या दिसतात त्या लिहून टाकतो, क्रम-बिम काही नाही.

माइकसमोर गेलं की भाषा बदलते

दिवसभर "कुठी चालला बे" म्हणणारा पोट्टा रेकॉर्डिंगला उभा राहिला की एकदम सिरियलमधल्या हिरोसारखा बोलायला लागतो. गाण्यातला पाऊस पण मग खिडकीतून बघायचा, हातात कॉफीचा मग घेऊन. अरे बाप्पा, तुझ्या घरी पाऊस म्हणजे दुबार पेरणीचं टेन्शन ना! याच्या उलटी चूक पण तेवढीच वाईट. रीलवर वऱ्हाडी चालते म्हणून ओळीओळीत जबरदस्तीनं कोंबायची, ती पण नुसती हसवायला. वऱ्हाडीत लोक भांडतात, प्रेमात पडतात, व्याजानं पैसे मागतात, मयतीत रडतात, आणि गाण्यात आली की तिला फक्त जोकरचं काम.

यावर उपाय सोपा आहे, चाल बाजूला ठेवा आणि नुसते शब्द पानठेल्यावर दोस्ताला बोलून दाखवा, गाणं आहे हे न सांगता. जिथं तो "काय बोलून रायला बे तू" म्हणून तोंडाकडं पाहील ती ओळ खोटी आहे, काढून टाका.

आणि शब्दांना चाल कशी लावायची, कोरस कुठं टाकायचा हे शिकायला कोणत्या ऑनलाइन कोर्सची गरज नाही, पोळ्यात उभे राहा. बैलांची रांग लागली की तोरणाखाली झडत्या सुरू होतात, चार यमकाच्या ओळी, त्यात कापसाचा भाव येतो, सरपंचाची पण काढतात, ती पण सरपंच समोर उभा असताना, आणि शेवटी सगळा पोळा एकदम "हर हर महादेव" म्हणून उठतो. यापेक्षा चांगला हुक (लोकांच्या तोंडी बसणारी ओळ) कोण लिहून देणार आहे? भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत पोरी भुलाबाईची गाणी म्हणतात त्यात सासू-सुनेचा सवाल-जवाब असतो, पूर्वेकडं झाडीपट्टीत (भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडं) दंडार आहे, खडी गंमत आहे, गाण्या-नाचातले लोकनाट्याचे प्रकार. जसंच्या तसं उचला असं म्हणत नाही, पण ते बांधलेलं कसं आहे ते तरी बघा. तुकडोजी महाराजांनी (1909-1968) हातात खंजिरी घेऊन गावंच्या गावं बसवली होती भजनाला. खंजिरीला काय लागते, एक हात आणि एक माणूस.

दुःखाचं थंबनेल

ही चूक मला सगळ्यात जास्त टोचते म्हणून जरा जास्त लिहितो. नापिकी, कर्ज, आत्महत्या हे विषय आपल्या घरातले आहेत, त्यावर गाणं करू नका असं कोणीच म्हणणार नाही. पण व्हिडिओत झाडाला दोर, बॅकग्राउंडला बासरी, थंबनेलवर कोणाच्या तरी घरातला खरा फोटो आणि खाली "शेवटपर्यंत बघा, रडू आवरणार नाही", हा धंदा झाला. आणि ज्यांनी ते भोगलं ते लोक तुमच्याच तालुक्यात राहतात, त्यांचे पोरं तुमच्याच एसटीत बसतात.

एक कसोटी लावा, हे गाणं त्या घरच्या अंगणात, त्या माउलीसमोर बसून म्हणता येईल का? जीभ अडखळत असेल तर समजून घ्या. त्यापेक्षा जे डोळ्यानं पाहिलं ते लिहा. बाप रात्रभर जिनिंगसमोर गाडीतल्या कापसावर झोपतो, सकाळी माणूस येतो, मशीन खुपसतो, ओलावा 12 टक्क्यांच्या वर निघाला की हमीभावानं घेत नाहीत, मग तीच गाडी व्यापाऱ्याकडं वळते आणि घरी येताना बाप सगळ्यांना सांगतो की भाव बरा भेटला. यात दोर नाही, बासरी नाही, पण ऐकणारा प्रत्येक जण तो बाप ओळखतो. आणि हो, हसण्याची गाणी पण करा बाबांनो, विदर्भात राहतो म्हणून चोवीस तास तोंड पाडून बसायची कोणाला शपथ दिलेली नाही. आपल्याकडं मयतीच्या तिसऱ्या दिवशी पण लोक टिंगल करतात.

व्ह्यूज विकत घेणं

"भाऊ, स्वस्तात व्ह्यूज मारून देतो" असा मेसेज प्रत्येक बँडला येतो. नका घेऊ. युट्यूब ते कापून टाकते, स्पॉटिफायवर बोगस स्ट्रीम पकडल्या गेल्या तर ज्याच्यामार्फत गाणं टाकलं तो डिस्ट्रिब्युटर गाणंच उतरवू शकतो, हे सगळं आहेच. पण मोठं नुकसान वेगळं आहे, आपलं गाणं लोकांना खरंच आवडलं की नाही हे तुम्हाला कधीच कळत नाही. पुढचं गाणं मग कशाच्या जोरावर करणार?

आकडे एकदा मांडूनच बघा म्हणजे डोक्यातलं खूळ जाते. युट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला 1000 सबस्क्रायबर आणि 12 महिन्यांत 4000 तास लागतात (नाहीतर शॉर्ट्सचे 90 दिवसांत 1 कोटी व्ह्यूज). चार मिनिटांचं गाणं धरलं तर 4000 तास म्हणजे 60,000 वेळा ते अख्खं ऐकलं गेलं पाहिजे. स्पॉटिफायवर 2024 पासून मागच्या 12 महिन्यांत 1000 स्ट्रीम झाल्या नाहीत तर त्या गाण्याचे पैसेच धरत नाहीत. म्हणजे तालुक्याच्या ठिकाणच्या बँडनं या पैशावर गाडीचा हप्ता काढायचा विचार करायचा नाही. गाणी टाका, जरूर टाका, पण तिथं पैसे आले नाहीत म्हणून "आपण फ्लॉप" असं ठरवू नका.

मोजायचंच असेल तर दुसरं काही मोजा. कोणत्या ट्रॅक्टरवाल्यानं पेनड्राइव्हमध्ये मागून घेतलं? कार्यक्रम संपल्यावर कोण "ते दुसरं वालं परत म्हणा" म्हणून आलं? कोणत्या शाळेच्या गॅदरिंगला पोरं त्यावर नाचली? ट्रॅक्टरवर वाजलेलं गाणं खोटं नसते, तिथं कोणी बॉट लावत नाही.

लग्नाच्या ऑर्डरीची लाज

"आम्ही ओरिजिनलवाले, लग्नात वाजवत नाही." बरं. मग माइक कशानं घेणार? उन्हाळ्यात लग्नाच्या, देवीत (नवरात्रात) मंडळांच्या ऑर्डरी घ्या, लोकांच्या फर्माइशी वाजवा, त्यात कमीपणा काही नाही, हात बसतो, स्टेजची भीती जाते. फक्त प्रत्येक ऑर्डरीत आपलं एक गाणं घुसवा, जेवणावळ चालू असताना नको, वरात आल्यावर गर्दी असते तेव्हा.

फुकटचं मात्र बंद. "भाऊचा वाढदिवस आहे, हजार लोक येतीन, तुमचं नाव होईन" असं म्हणणारा माणूस बिछायत केंद्रवाल्याला पैसे देतो, आचाऱ्याला देतो, फटाक्याला देतो, मग तुम्हालाच काहून नाही? इसार घेतल्याशिवाय तारीख लिहायची नाही. आलेल्या पैशातून आधी साउंड आणि डिझेल, मग सगळ्यांना सारखी वाटणी, आणि एक वाटणी बँडच्या डब्यात. वहीत लिहा, सगळ्यांसमोर. बँड फुटतात ते सुरावरून कमी आणि या वहीवरून जास्त.

आणि आपल्या भागात लोक पैसे देत नाहीत हे रडगाणं पण सोडा. झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा सीझन लागतो, गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा त्याचं केंद्र, रात्रभराचं नाटक, लाइव्ह संगीत, आणि थंडीत घोंगडं पांघरून लोक तिकीट काढून बसतात. नागपूरच्या दीक्षाभूमीवर भीमगीतांच्या कॅसेटी आणि सीड्या स्टॉलवरूनच विकल्या गेल्या, माणूस यायचा, स्टॉलवर ऐकायचा, आवडलं तर घ्यायचा. रस्ता आपल्याच लोकांनी आधी पाडून ठेवलेला आहे.

"स्टुडिओचे पैसे जमले की रेकॉर्ड करू"

नाही जमत ते, आणि गाणं शिळं होते. पहिली रेकॉर्डिंग घरीच करा. टिनाच्या खोलीत मात्र करू नका, टिन आवाज परत फेकते आणि सगळं डब्यात गायल्यासारखं येते, वरून दुपारी टिन तापून टकटक वाजते ते वेगळंच. वेचणी झाल्यावर ज्या खोलीत कापूस भरून ठेवतात ती खोली बघा. छातीभर कापूस, मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा, दार लोटून घ्या आणि टाळी वाजवा, घुमतच नाही. आवाज असा कोरडा आणि जवळचा येते की शहरातला फोमवाला स्टुडिओ लाजेल. फक्त अंगाला खाज सुटते, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, टेक पटकन संपवा, आणि आत बिडी-सिगारेट, अगरबत्ती, लोंबणारी वायर काहीच नको, गंमत नाही ती. कापूस विकला गेला असेल तर चार गोधड्या दोरीवर टाका. पंखा, फ्रिज बंद, मोबाइल एअरप्लेन मोडवर. लाइन जाईल म्हणून लॅपटॉप आधीच फुल चार्ज करा, लाइन गेली तर उलट बरं, शेजारची आटाचक्की बंद होते.

पहिला टेक बेसूर आला तर ऑटोट्यूननं घासून गुळगुळीत करू नका, परत गा. थोडा कच्चा राहिला तरी चालते.

मंडपात हुंम्म आवाज येते

बहुतेक वेळा साउंड आणि लायटिंग एकाच बोर्डावरून घेतलेलं असते. साउंडचं सगळं सामान एकाच पॉइंटवरून घ्या, एलईडीचे पार लाइट (स्टेजचे रंगीत दिवे) वेगळ्या लाइनवर, माइकच्या वायरी लाइटच्या वायरींपासून लांब. काही बहाद्दर हुंम जावा म्हणून प्लगची अर्थिंगची पिनच काढतात. हे कधीच नाही, गिटार हातात आणि ओठ माइकला लागले की झटका बसते, जीव पण जाते. डीआय बॉक्स (गिटार-कॅसिओ आणि मिक्सरच्या मध्ये लावायची डबी) घ्या, त्यावर ग्राउंड लिफ्टचं बटण असते तेवढं दाबा. संध्याकाळी व्होल्टेज पडते म्हणून मिक्सर आणि लॅपटॉपला स्टॅबिलायझर लावा. आणि रात्री 10 नंतर परवानगीशिवाय भोंगे बंद हा नियमच आहे, त्यामुळे आपलं चांगलं गाणं साडेनऊच्या आत म्हणून मोकळे व्हा, नाहीतर सत्कारातच टाइम जाते.

स्टॅम्प पेपरवर डोळे मिटून सही

एखाद्या चॅनेलवाल्यानं व्हिडिओचा खर्च केला की तो "सगळे हक्क आमचे" असं लिहून आणते. वाचा. करारात मुदत लिहिली नसेल तर कॉपीराइट कायद्यानं ती 5 वर्षं धरतात, आणि 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा काढून घेता येत नाही, हे त्याला प्रेमानं सांगा. शब्द कोणाचे, चाल कोणाची हे आपसात पण आधीच लिहून ठेवा, हिट झाल्यावर नका लिहू. आणि सिनेमाच्या चालीवर शब्द बसवायची आपल्याकडं भजनापासून सवय आहे, मंडळात ते खपून जाते, युट्यूबवर क्लेम येते. चाल आपली करा.

कॅलेंडर पुण्या-मुंबईचं

"दर शुक्रवारी नवीन गाणं" हे ज्याच्या घरी शेत नाही त्यानं म्हणावं. सोयाबीन काढणीला आणि कापूस वेचणीला तालीम होणार नाही, आधीच धरून चाला, म्हणजे "आपण ढिले पडलो" असं वाटून उगाच भांडणं होत नाहीत. उन्हाळ्यात मशागत सकाळी उरकते, दुपारी 45 डिग्रीत कोणी बाहेर निघत नाही, तेव्हा लिहा, चाली बसवा. पावसाच्या झडीत रेकॉर्डिंग नको पण शब्द पाठ करता येतात. वर्षात तीन गाणी झाली आणि तिन्ही आपली वाटली तर लय झालं.

आणि कोणीतरी सोडून जाणारच. ढोलकीवाला पोलीस भरतीत लागते, गाणारीचं लग्न ठरते, कॅसिओवाला पुण्याला कंपनीत जाते. त्याला गद्दार म्हणून ग्रुपमधून काढायचं, मग महिनाभर स्टेटसवर टोमणे, ही शेवटची चूक, आणि यानंच उरलेल्यांचं पण मन उठते. गाणारीच्या सासरी दोघं-चौघं जाऊन नीट बोला, नवऱ्याला कार्यक्रमाला बोलवा, कधी कधी जमून जाते. पुण्याच्या पोट्ट्याला गाण्याचा टेम्पो (वेग) आणि क्लिक ट्रॅक (त्या वेगात नुसती टकटक) पाठवा, तो तिकडून रूमवर वाजवून फाइल पाठवेल. पोळ्याला नाही जमलं तरी दिवाळीला तो गावी येतोच, तर भाऊबीजेनंतरच्या दोन तारखा आत्ताच धरून ठेवा, आणि त्या आठवड्यात पुण्याहून येणाऱ्या ट्रॅव्हल्सचं तिकीट डबल असते, ते डब्यातून काढा.