व्हॅक मशीन घरी येण्याआधी

'व्हॅक (जखमेतला स्राव ओढून घेणारं मशीन) लावूनच घरी सोडतो' असं डॉक्टर म्हणाले, की घरात पहिली धांदल पलंग कुठे लावायचा याची उडते. पलंग नंतर. आधी प्लग बघा, इन्व्हर्टरवर चालणारा. जखमेत स्पंजासारखा फोम, त्यावर हवाबंद पारदर्शक फिल्म, तिच्यातून निघालेली नळी आणि टोकाला पंप, एवढाच हा सगळा कारभार. बहुधा उणे 125 मिमी पारा इतक्या दाबाने तो जखमेतला स्राव ओढत राहतो आणि कडा जवळ आणतो. ओढणं थांबलं, की तोच ओला फोम आत जंतू पोसू लागतो. म्हणून दिवसाच्या 24 तासांत मशीन एकूण 2 तासांपेक्षा जास्त बंद राहता कामा नये. बॅटरी किती तास टिकते ते मशीनवाल्याला विचारा आणि चार्जर त्याच्यासमोरच लावून बघा. फोमचा किट भाड्यात धरलाय की वेगळा, हेही तेव्हाच विचारलेलं बरं. नंतर वाद होतात.

लाईट गेली ती आलीच नाही, तर फोम काढून साधं ओलं ड्रेसिंग करावं लागतं. त्यासाठी सलाईन आणि निर्जंतुक गॉज घरात हवं. पण ते करणार कोण? रात्री येऊ शकणाऱ्या सिस्टरचा नंबर आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर 'डॉक्टरांना माहीतच असेल' असं धरून चालू नका. स्वतःहून सांगा. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) 2009 मध्ये या उपचाराबद्दल इशारा दिला, त्यात सगळ्यात गंभीर धोका रक्तस्रावाचाच होता, आणि बहुतेक मृत्यू घरी किंवा दीर्घकाळ देखभाल करणाऱ्या केंद्रात झालेले होते. नळीत लालभडक रक्त दिसलं तर मशीन बंद करायचं, फिल्म ओढून काढायची नाही, वरून हाताने दाबून धरायचं आणि 108 ला फोन.

ड्रेसिंग साधारण 48 ते 72 तासांनी बदलतात. आत फोमचे किती तुकडे घातले तो आकडा फिल्मवरच लिहायला सांगा. काढताना तेवढेच बाहेर आले पाहिजेत. सिस्टर मोजतातच, तरी आपणही मोजावेत, त्यात कसला संकोच. बदलण्याआधी वेदनाशामक किती वेळ आधी द्यायचं, तेही विचारून घ्या.

अलार्मला घाबरू नका, बहुतेक वेळा फिल्मची कड सुटलेली असते. सूं सूं आवाज कुठून येतो ते ऐका आणि त्या जागी फिल्मचा जादा तुकडा चिकटवा.

टाके घातलेल्या बंद जखमेवर लावायचं छोटं यंत्र मात्र वेगळं. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये ते सुचवलं, पण संसर्गाचा धोका जास्त असलेल्यांसाठी. तेव्हा 'आमच्या पेशंटला कशासाठी?' हे बिलाआधी विचारा.

आणि एमआरआयची तारीख असेल, तर मशीन आत नेता येत नाही हे आदल्या दिवशीच कळवून ठेवा.