बेळगाव, निपाणी, चोर्ला: प्रवासात नेट वापरताना या चुका टाळा

बेळगावहून गोव्याकडे निघालं आणि जांबोटी मागे पडली की फोनवरच्या रेंजच्या कांड्या एकेक करून गळायला लागतात. कणकुंबीच्या पुढे चोर्ला घाटात तर बऱ्याच वळणांवर रेंज नसतेच. तिकीट, हॉटेलचा पत्ता, मॅप सगळं नेटवर ठेवून निघायचं ही आपली पहिली चूक. घरातून निघताना बेळगाव ते गोव्यातली साखळी एवढा मॅप फोनमध्ये उतरवून घ्या, तिकिटाचा स्क्रीनशॉट काढा आणि पाचशे-हजार रुपये खिशात ठेवा.

कोगनोळी नाका ओलांडून कागलकडे गेलं की कर्नाटक संपून महाराष्ट्र लागतो, मोबाईल कंपनीचं सर्कल (विभाग) बदलतं, आणि काहींचं नेट तिथंच बंद पडतं. अशा वेळी सेटिंगमध्ये डेटा रोमिंग सुरू आहे का ते आधी बघा. हल्लीच्या बहुतेक रिचार्जवर देशातल्या देशात त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. कधीतरी हाताने निवडलेलं नेटवर्क तसंच राहिलेलं असतं. ते ऑटोमॅटिक करा, एअरप्लेन मोड दहा सेकंद लावून काढा. सौंदत्तीच्या यल्लमाच्या जत्रेत मात्र यातलं काहीच चालत नाही, कारण कांड्या भरलेल्या असतात पण टॉवरवर माणसं फार. तिथं व्हॉट्सअ‍ॅपची वाट बघण्यापेक्षा साधा एसएमएस करा.

खरा धोका रेंज गेल्यावर होणाऱ्या घाईत आहे. माझी मावशी निपाणीहून बेळगावला आली होती. स्टँडवर बसल्या बसल्या 'फ्री वायफाय' नावाचं काहीतरी जोडलं. आधी मोबाईल नंबर, मग ओटीपी, मग 'पडताळणीसाठी' एटीएम कार्डाचा नंबर. कार्ड मांडीवर ठेवून चष्मा सावरत ती आकडे टाकत होती. बारा आकडे टाकून झाले होते तेव्हा मी फोन हातातून काढून घेतला. रेल्वे स्टेशनवरचं रेलटेल या रेल्वेच्याच कंपनीचं वायफाय मोबाईल नंबर आणि ओटीपी मागतं, ते ठीक. फुकट वायफायला कार्डाचा नंबर कशाला लागेल? आणि यूपीआयचा पिन तर पैसे देताना लागतो; घेताना नाही, वायफायला तर नाहीच.

हॉटेलात एकाच नावाची दोन वायफाय दिसली तर काउंटरवर विचारा. नाव कुणालाही ठेवता येतं. ब्राउझरमधलं कुलूप दिसलं म्हणजे साइट खरी असंही नसतं, पत्ता नीट वाचा. बँकेचं काम आपल्याच डेटावर किंवा घरच्या माणसाच्या हॉटस्पॉटवर करा, आणि हॉटेल सोडताना तिथलं वायफाय फोनमधून 'फर्गेट' करा. नाहीतर पुढच्या खेपेला फोन आपणहून जोडतो.

रेंज कमी असताना यूपीआयचे पैसे 'पेंडिंग'मध्ये अडकले तर लगेच दुसऱ्यांदा पाठवू नका. खात्यातून गेलेत का ते बघा, दुकानदाराला विचारा.

माहिती दिली गेलीच, तर आधी बँकेला सांगून कार्ड बंद करा. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, म्हणजे 1930 ला, फोन लावा; जितकं लवकर कळवाल तितके पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त. मावशीचे पैसे गेले नव्हते, तरी स्टँडवरून उठायच्या आधी आम्ही तिचं कार्ड बंद करून घेतलं.