सागाच्या कोअरवर काम करताना: वृक्षवलय प्रयोगशाळेतल्या सहायकासाठी

लोंढा, नागरगाळी, अळणावर या पट्ट्यातला साग उन्हाळ्यात निष्पर्ण होतो आणि वळीव पडला की पालवतो. नव्या वाढीची सुरुवात मोठ्या छिद्रांच्या रांगेने होते, म्हणून त्याची वलयं नुसत्या भिंगाखालीही दिसतात. अशा झाडातून लाकडाची बारीक गोल कांडी, म्हणजे कोअर, काढली की तिच्या वलयांवरून जुन्या पावसाचा माग काढता येतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत आणि लखनौच्या बीरबल साहनी संस्थेत हे काम चालतं. केरळातल्या सागावरून पाचशे वर्षांहून लांब नोंद तयार झाली आहे. खानापूर-बेळगावकडच्या बी.एस्सी. झालेल्या मुलामुलींना हे काम नक्की जमेल. मात्र एक गोष्ट पहिल्या दिवसापासून पाळायची: प्रत्येक वलयाला वर्ष मिळतं ते दुसऱ्या झाडांशी जुळवून. नुसत्या मोजणीतून किंवा 'त्या साली दुष्काळ होता' या माहितीतून ते ठरवायचं नाही.

झाड निवडण्यापासूनच फरक पडतो. कणकुंबीच्या बाजूला पाऊस इतका असतो की एखादं वर्ष कमी पडला तरी झाडाला फारसं जाणवत नाही. पूर्वेकडे सरकत जाल तसा पाऊस झपाट्याने घटतो. तिथे उतारावरच्या, पातळ मातीतल्या झाडाची वलयं पावसाबरोबर जास्त कमीजास्त होतात. वनखात्याची लेखी परवानगी आधी हातात हवी, आणि भीमगड अभयारण्यात तर तिच्याशिवाय पाऊलच टाकू नका. लागवडीतल्या सागाचेही काही नमुने घ्या. लागवडीचं साल खात्याच्या नोंदीत असतं, त्यामुळे आपली मोजणी बरोबर आहे का हे तिथे ताडून पाहता येतं.

कोअर जानेवारी ते मार्चमध्ये घ्यावा. फेब्रुवारी २०२५ मध्ये घेतलेल्या कोअरचं सालीलगतचं वलय २०२४ चं, यात शंका राहत नाही. जून-जुलैत घेतलात तर अर्धवट वलय मोजायचं की नाही हा घोळ आयुष्यभर त्या नमुन्याला चिकटतो. बोअरर, म्हणजे कोअर काढायचा पोकळ गिरमिट, जमिनीपासून साधारण १.३ मीटरवर लावा. बुंध्याला पन्हळी, म्हणजे उभ्या खोबणी, असतील तर त्या संपतात तिथे, त्याहून वर. पन्हळीच्या खोबणीत वलयं एकमेकांत मिसळून नाहीशी होतात. उतारावरच्या झाडात चढाच्या किंवा उताराच्या बाजूने न शिरता आडवं शिरा, कारण चढाच्या बाजूला ताणाचं लाकूड तयार होऊन वलयं फुगतात. एका झाडाचे समोरासमोरच्या बाजूंनी दोन कोअर घ्या. आटे सुरू होतात तिथे मेण लावलं की बोअरर कमी अडकतो. पुरेसं आत गेल्यावर कोअर बाहेर काढायची पन्हळीदार पट्टी बोअररच्या पोकळीत पूर्ण सरकवा, हँडल एक फेरा उलटं फिरवा, कोअर तुटला की पट्टी ओढा आणि बोअरर लगेच बाहेर काढा. तो लाकडात तसाच ठेवून गप्पा मारल्या की जाम होतो.

कोअर कागदी नळीत ठेवा. प्लास्टिकच्या नळीत ओल कोंडते आणि बुरशी धरते. नळीवर जागा, झाड आणि बाजू पेन्सिलीने लिहा: खान-०४-अ. सालीकडचं टोक कोणतं याचीही खूण करा. शाई घामाने पसरते.

आता प्रयोगशाळेतली सगळ्यात नाजूक पायरी. सावलीत पूर्ण सुकलेला कोअर खाचेच्या लाकडी पट्टीत फेविकॉलच्या पातळ थराने बसवायचा, सुती दोऱ्याने बांधायचा. तंतू उभे राहिले पाहिजेत, म्हणजे घासल्यावर वर लाकडाचा आडवा छेद येतो. कडेने पाहिलं तर कोअरच्या दोन बाजू चकाकतात आणि दोन मंद दिसतात. चकाकणाऱ्या बाजू पट्टीच्या डावी-उजवीकडे हव्यात. थोडं घासून भिंगाखाली बघा: छिद्रं गोल दिसली तर बरोबर, लांब ओरखड्यांसारखी दिसली तर कोअर नव्वद अंशांनी फिरलेला आहे. ओलं गरम फडकं गुंडाळून फेविकॉल मऊ करा आणि परत बसवा. कोअर पिळवटलेला असेल तर वाफेवर धरून हळूहळू सरळ करावा लागतो.

घासायला १२० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात, मग २२०, ३२०, ४०० आणि शेवटी ६००. आधीच्या कागदाचे ओरखडे जाईपर्यंत पुढचा नंबर घेऊ नका. घाई केली की तेच ओरखडे ४०० नंतर वलयाच्या सीमेसारखे दिसतात. सागाच्या तेलाने कागद लवकर भरतो, तो बदलत राहा. छिद्रांतली भुकटी हवेच्या दाबाने उडवा. सागाची धूळ त्वचेला आणि श्वासाला बाधते, काहींना अंगभर खाज सुटते. मास्क, पूर्ण बाह्या आणि धूळ ओढणारा पंखा हे सगळं हवंच.

मोजताना सालीकडून आत या. दर दहाव्या वर्षाला पेन्सिलीचा एक ठिपका, पन्नासाव्याला दोन, शंभराव्याला तीन. मग आलेखाच्या कागदाच्या पट्टीवर शेजाऱ्यांपेक्षा बारीक वलयांना उभ्या रेघा काढा, जितकं बारीक तितकी उंच, आणि एका झाडाची पट्टी दुसऱ्यावर सरकवून जुळवा. दोन झाडं एका ठिकाणापर्यंत जुळतात आणि तिथून आत सगळं एका वर्षाने सरकतं, असं झालं तर तिथे एखादं वलय हरवलं आहे किंवा खोटं आहे.

खोटं वलय आमच्या भागात सहज येतं. वळवाने पालवी फुटते, मृग कोरडा जातो, वाढ थांबते आणि मग पाऊस लागल्यावर पुन्हा सुरू होते. पानं खाणाऱ्या अळीनेही तसंच होतं. खऱ्या सीमेवर बारीक छिद्रांनंतर एकदम मोठी छिद्रं येतात, रेघ धारदार असते. खोट्याच्या दोन्ही कडा पुसट असतात. लाकडाच्या डेपोतून त्याच भागातली चकती मिळाली तर वलय पूर्ण गोल फिरवून बघा. खोटं मध्येच विरतं.

यंत्रावर ०.०१ मिलिमीटरपर्यंत मोजताना भिंगातली रेघ सीमेला समांतर ठेवा, सीमा तिरकी झाली की कोअर फिरवा. मग कोफेका चालवा. हा संगणकाचा प्रोग्रॅम एकेका झाडाची मोजमापं खंडाखंडाने बाकीच्या झाडांशी ताडून पाहतो. नेहमीचा खंड ५० वर्षांचा, पुढचा २५ वर्षांनी सरकलेला, ०.३२८१ च्या खालचा सहसंबंध (जुळणीचा आकडा) संशयित. लागवडीतल्या तरुण सागाला ३० वर्षांचा खंड धरलात तर उंबरठा ०.४२२६ होतो. 'बी' खूण आली, म्हणजे दुसऱ्या जागी जास्त जुळतं असं प्रोग्रॅम म्हणतो, तर त्याच्या सांगण्यावरून वर्ष सरकवू नका. कोअर पुन्हा भिंगाखाली घ्या. लाकडात कारण दिसलं तरच दुरुस्ती करा आणि वहीत लिहा.

१८७६-७८ किंवा १९७२ चा दुष्काळ मनात धरून बारीक वलयाला ते साल देण्याचा मोह होतो. तसं केलं की पुढे 'दुष्काळात वलय बारीक होतं' हा निष्कर्ष आपणच आधी घातलेला असतो आणि पावसाशी लावलेला सगळा हिशेब बाद होतो. झाडांची जुळणी पूर्ण होऊन मोजमापं बंद झाल्यावरच पर्जन्याच्या नोंदी उघडा.