छज्ज्याखालचं गांधीलमाश्यांचं पोळं

पोळं लिंबाएवढं असतानाच काढावं. तळहाताहून मोठं झालं असेल तर पेस्ट कंट्रोलवाल्यालाच बोलवा. अंधार पडल्यावर काढा, तेव्हा माश्या पोळ्यावर परतलेल्या असतात. दिवसा काढलं की बाहेर गेलेल्या परत येऊन तिथंच नवं बांधतात. टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावा, लाल उजेड त्यांना जवळजवळ दिसत नाही. १ लिटर पाण्यात २ मोठे चमचे भांडी घासायचं लिक्विड मिसळा आणि लांब फवारा जाणाऱ्या पंपाने पोळं चिंब भिजवा. साबणपाण्याने त्यांची श्वासछिद्रं बुजतात. अंगभर कपडे हवेतच, शिडीवर चढून मात्र कधीच नाही. सकाळी पोळं पाडून त्याचा देठ खरवडा, हे हमखास राहून जातं. बागेच्या टोकाचं पोळं असू द्या, भाजीवरच्या अळ्या त्याच टिपतात.